मुकादमाच्या तोंडाला लागलेला रंग

१

पिंजरा रिकामा होता, खाली फरशीवर दोन हिरवी पिसं पडली होती आणि त्या दोन पिसांच्या बरोबर मध्ये मुकादम बसला होता. त्याचं तोंड लालभडक होतं. चौकशी समिती नेमली तरी आपली काही हरकत नाही, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

मुकादम म्हणजे रंगशाळेतला कुत्रा. रंगारीमास्तरांची सून बाळाला लस टोचून घेऊन दवाखान्यातून परतली तेव्हा तिला हे दृश्य दिसलं. बाळ आधीपासूनच रडत होतं, त्यामुळे त्याला वेगळी सुरुवात करावी लागली नाही.

"काकूंना खाल्लं मेल्यानं!" सून ओरडली.

काकू म्हणजे पोपट. तसा तो नर होता. पण रंगारीमास्तरांच्या बायकोनं आजारपणाच्या शेवटच्या वर्षात अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला बोलायला शिकवलं, आणि ती गेल्यावर तो तिच्याच आवाजात बोलत राहिला. आवाजाच्या शेवटाला तोच किंचित वैताग. शब्द मोजके होते. "अहो, लाल." "अहो, हिरवा." आणि शेजारच्या क्लॅरनेटवाल्यासाठी राखून ठेवलेलं, "अहो, पुरे!" गल्लीनं आवाज ओळखला आणि त्याला काकू म्हणायला सुरुवात केली. आवाजापुढे पिसांचं काय चालतं? तेव्हा आपणही त्यांना काकूच म्हणू.

"आज पोपट, उद्या माझं बाळ," सून म्हणाली, आणि तिनं कुत्रे नेणाऱ्या गाडीला फोन लावला. गाडीची वेळ गुरुवारी संध्याकाळी पाचची मिळाली. ती गाडी कुत्रे कुठे नेते हे कुणी विचारत नसे. परत आणत नाही, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

मास्तर एक शब्द बोलले नाहीत. मुकादमाला नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच कोटाच्या खिशात घालून घरी आणलं होतं.

२

गुरुवारी दुपारी मास्तरांची भाची आली. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "आता बरं, की मघाशी बरं?" असं विचारून विचारून तिला तीच सवय लागली होती. एकदा तिनं चहाबद्दलही असंच विचारलं होतं, आणि पाहुणे बराच वेळ विचारात पडले होते.

मामांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "सवड असेल तर ये. मुकादमाला भेटून जा." मामांचा आवाज न पिळता वाळत टाकलेल्या सुतासारखा जड लागला, म्हणून ती अर्धी रजा टाकून निघाली.

रंगशाळेत शिरलं की तिला नेहमी झोपेत चालल्यासारखं वाटायचं. कढयांची वाफ, वाफेत विरघळलेली माणसं, डोक्यावर दोऱ्यांना टांगलेल्या सुताच्या लडी. निळ्या, पिवळ्या, लाल, हिरव्या. ढगांना कुणीतरी शिस्त लावून रांगेत उभं केल्यासारख्या. खालून जाताना एखादा थेंब मानेवर पडायचा आणि आपण कोणत्या रंगाचे झालो ते घरी गेल्यावर कळायचं.

आज वाफ नव्हती. कढया थंड होत्या.

"तीन दिवस हात लावला नाही कामाला," सून बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली. "जेवण निम्मं. सासूबाई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालंय त्यांना."

मामा ओसरीवर स्टुलावर बसले होते. एका पायात लाल मोजा, एका पायात हिरवा. मोठ्या कलावंतांचं असंच असतं, असं गल्लीचं मत होतं.

मुकादम अंगणातल्या झाडाला बांधलेला होता. त्या झाडाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. इतकं दाट आणि इतकं हिरवं होतं, की कुणाला विचारायचं सुचलंच नसावं. मुकादम मान वर करून झाडाकडे बघायचा, एकदा भुंकायचा, मग सगळ्यांकडे बघायचा आणि पुन्हा झाडाकडे.

"वेड लागलंय," सून म्हणाली. "पाप डोक्यावर बसतं ना, ते असं."

भाचीनं मुकादमाचा जबडा हातात धरला. तो अजून लालच होता.

"वहिनी, याला धुतलंस?"

"साबण लावून तीनदा. रक्त जाईल तर शपथ."

"रक्त साबणानं जातं. आणि राहिलंच तर तीन दिवसांत तपकिरी पडतं. हे तर आजही ताजं आहे."

सुनेनं मान वर केली. रंगशाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'येथील रंग जात नाही.'

दोघी थोडा वेळ ती पाटी वाचत उभ्या राहिल्या. चारच शब्द होते, पण वाचायला वेळ लागला.

"बरं, रंग तर रंग," सून म्हणाली. "पण काकू कुठे आहेत मग? पिसं कुणाची?"

"पिसं रोज पडतात?"

"रोज दोन-तीन झाडते मी," सून म्हणाली, आणि आपणच आपला साक्षीदार फोडला हे लक्षात येऊन गप्प झाली.

साडेतीन वाजले होते.

३

पिंजरा छताच्या आकड्याला टांगलेला होता. गोल, आणि वाऱ्यानं हळूहळू फिरणारा. त्याला दोन दारं, अगदी जुळी. एकाच्या आत जाळीचा कप्पा, त्यात दाण्याची वाटी. दुसरं वर सरकवलं की थेट पिंजऱ्यात. पिंजरा फिरत असल्यानं कोणतं दार कुठे येईल याचा नेम नसे, म्हणून मामीनं त्यांना दोऱ्या बांधल्या होत्या. हिरव्या दोरीचं दार दाण्याचं. लाल दोरीचं दार कधी उघडायचं नाही.

लाल दोरीचं दार वर सरकवलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली फरशीच्या फटीत बाजरीचे दाणे अडकले होते.

भाची दाण्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मुकादम डोक्याएवढ्या उंचीवर उडी मारून दार वर सरकवील, हे एकवेळ मान्य. पण काकूंना आधी दाणे घालील आणि मग खाईल, एवढा पाहुणचार त्याच्या स्वभावात नव्हता.

"दाणे कोण घालतं?"

"मीच. सोमवारी दवाखान्यात रांग मोठी होती, म्हणून बाबांना सांगून गेले होते की आज तुम्ही घाला."

"घातले त्यांनी?"

"विसरलो म्हणाले."

भाचीनं हे मनात कोपऱ्यात ठेवलं आणि शेजारी गेली.

क्लॅरनेटवाल्याकडे कारण भरपूर होतं. अकरा वर्षं तो रोज दुपारी रियाज करत होता आणि दोन वर्षं काकू त्याला रोज "अहो, पुरे!" सांगत होत्या. पण सोमवारी त्या वेळी तो वाजवत होता, आणि याला अख्खी गल्ली नाइलाजानं साक्षीदार होती. भाची गेली तेव्हा क्लॅरनेट पेटीत बंद होतं.

"रियाज नाही आज?"

त्यानं दार लावून घेतलं. "तुला म्हणून सांगतो. हसू नकोस. परवा मी वाजवायला घेतलं, आणि वरून आवाज आला."

"वरून म्हणजे?"

"वरून म्हणजे वरून! आभाळातून. 'अहो, पुरे!' स्पष्ट. त्या गेल्या, पण मत बदललं नाही बघ त्यांचं." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "मी विकायला काढलंय क्लॅरनेट. घेतेस?"

परत येताना भाचीनं झाडाकडे पाहिलं. पानं, पानं आणि पानं. मुकादम भुंकला.

शेवटी ती मामांजवळ बसली.

"मामा, सोमवारी मुकादमाच्या तोंडाला काय लागलं होतं?"

मामा विहिरीच्या तळाशी असल्यासारखे बसले होते. वर यायला त्यांना वेळ लागला.

"चिखल असेल," ते म्हणाले.

४

मुकादमाचं तोंड पुसायला जुनं फडकं हवं म्हणून भाचीनं मामीचं कपाट उघडलं, आणि तिथेच खाली बसली.

कपाटात जुन्या लडी होत्या, नमुन्याला ठेवलेल्या. प्रत्येक लाल लडीच्या टोकाला एक गाठ. प्रत्येक हिरव्या लडीला दोन. निळ्यांना गाठ नाही, पिवळ्यांनाही नाही.

"या गाठी कसल्या गं, वहिनी?"

"सासूबाई मारायच्या. घराण्याची पद्धत असेल, मी कधी विचारलं नाही. त्या आजारी पडल्यावर बंद झाली."

"मग त्यानंतर?"

"त्यानंतर काय? त्यानंतर बाबांनी प्रत्येक लड पिंजऱ्यापुढे धरायला सुरुवात केली. काकू 'अहो, लाल' म्हणाल्या की बाबांचा चेहरा बघावा. लोक म्हणायचे वेडे झालेत. मी म्हणायचे, असू दे, तेवढाच आवाज कानावर पडतो बायकोचा." सुनेनं पदरानं नाक पुसलं. मग तिला आठवून हसू आलं. "आणि हा मुकादम! निळी आण म्हटलं की निळी आणतो, पिवळी आण म्हटलं की पिवळी. लाल मागा, हिरवी घेऊन येतो. मी रागावले की बाबा म्हणायचे, 'त्याची काय चूक? दोन्ही सारख्याच तर आहेत.' त्यांचे विनोद असेच, चेहऱ्यावरची रेघ न हलवता."

भाची हसली नाही.

खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. तिला दुकानातले पाठ केलेले धडे आठवले. कुत्र्याच्या जगात निळं असतं, पिवळं असतं, आणि आपण ज्याला लाल आणि हिरवं म्हणतो ते दोन्ही एकाच मळकट रंगाचं कापड नेसून फिरत असतं. मधमाशीला लाल म्हणजे काळोख. पण तिला फुलावर अशा रेघा दिसतात, की ज्या आपल्यासाठी कुणी काढलेल्याच नाहीत. आणि पक्ष्यांना आपल्यापेक्षा एक रंग जास्तीचा. काकूंच्या नजरेनं पाहिलं तर आपण सगळेच थोडे आंधळे, आणि त्या मात्र दयाळूपणानं आपल्याला समजेल अशा भाषेत सांगत होत्या: अहो, लाल.

एकाच खोलीत सगळे बसतात, आणि प्रत्येकाची खोली वेगळ्या रंगाची.

तिनं पिशवीतून ठिपक्यांचं पुस्तक काढलं. घड्याळात साडेचार झाले होते.

५

पुस्तकात गोल चित्रं होती. हिरव्या ठिपक्यांच्या गर्दीत लाल ठिपक्यांचा आकडा. तिनं पहिलं पान मामांपुढे धरलं.

"मामा, काय दिसतं?"

मामांनी पुस्तक दूर धरलं, जवळ धरलं, कौतुकानं मान हलवली.

"छान आहे. ठिपके आहेत."

"अजून काही?"

"भरपूर आहेत."

तिनं दुसरं पान उलटलं. मामा म्हणाले, "हेही छान आहे." तिसऱ्या पानाला ते काही बोलले नाहीत. चौथं तिनं उलटलंच नाही.

"मामीला माहीत होतं?"

"लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कळलं तिला. अंगणात टोमॅटो आणायला पाठवलं, मी सगळे कच्चे घेऊन आलो." मामा मोज्यांकडे बघत होते. "चाळीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही तिनं. लाकडी चमच्यांना खाचा पाडल्या, लडींना नि रंगाच्या डब्यांच्या दोऱ्यांना गाठी मारल्या. मग डॉक्टरांनी हात टेकले, तर हिनं पोपट आणवला. वर्षभर त्याच्याशी बोलत राहिली. मला वाटायचं, माझ्याशी बोलायचं सोडून हे काय... नंतर कळलं, की माझ्याशीच बोलत होती."

भाचीनं पुस्तक मिटलं.

"सोमवारी एका हातात लाल लड होती, ओली," मामा म्हणाले. "दुसऱ्यात दाणे. पिंजऱ्याच्या दोऱ्या तिनं सूनबाईसाठी बांधल्या होत्या, मी कधी दाणे घालतच नव्हतो. दार सरकवायला गेलो तर ती ओरडली, 'अहो, लाल!' मी म्हटलं, हो गं, माहीत आहे, लडीबद्दल बोलतेय. ती दाराबद्दल सांगत होती. भुर्रकन गेली. हातातली लड सुटली, ती मुकादमानं तोंडात झेलली. खाली पडू देत नाही तो माल."

"मग बोलला का नाहीत?"

"संध्याकाळपर्यंत येईल म्हटलं. मग म्हटलं, सकाळी सांगू. मग दुपारी. चोराच्या मनात चांदणं, बाई. लाल दोरी दिसली नाही का असं सूनबाईनं विचारलं तर? ज्याला लाल दिसत नाही त्याच्याकडे कोण देईल सूत रंगवायला? दारावरची पाटी काढून चुलीत घालतील." त्यांचा आवाज बारीक झाला. "नऊ वर्षं मी आणि तो, दोघंच एका रंगाचं जग बघतो. आणि मी त्यालाच पुढे केलं."

"आत्ता सांगा."

"सांगतो तर काय! पण सून म्हणेल, कुत्र्याला वाचवायला म्हातारा स्वतःवर ओढून घेतोय. काकू कुठायत, हे कोण सांगणार?"

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. गाडी दहा मिनिटं आधीच आली होती. ही सरकारी खाती नको त्या दिवशीच तत्पर असतात.

६

गाडीवाला सभ्य माणूस होता. त्यानं मुकादमाला नमस्कार केल्यासारखं वाकून साखळी सोडली. मुकादमानं जाताना झाडाकडे बघून भुंकून घेतलं आणि तो गाडीतल्या पिंजऱ्यात चढला. सहीचा कागद सुनेच्या हातात आला. तिचे डोळे ओले होते, पण पेन चालू होतं.

"एक मिनिट," भाची म्हणाली. "वहिनी, तू झाडाकडे बघ. काय दिसतं?"

"पानं."

"तुम्ही?" क्लॅरनेटवाला कुंपणावरून डोकावत होता.

"पानंच."

गाडीवाल्यानंही हात कपाळाला लावून बघितलं. "पानं, बाई. सही झाली का?"

"मलाही पानंच दिसतात," भाची म्हणाली. "कारण आपण हिरवं बघतो. हिरव्यात हिरवं ठेवलं की आपली नजर फसते. मुकादमाला ना हिरवं कळतं ना लाल, त्यामुळे त्याला हिरवं फसवत नाही. तो आकार बघतो, सावली बघतो. तीन दिवस तो ओरडून सांगतोय, आणि आपण त्याला पापी ठरवलं. आणि हे," तिनं क्लॅरनेटवाल्याकडे बघितलं, "यांना परवा वरून 'अहो, पुरे' ऐकू आलं. काकू आभाळात नाहीत. काकू झाडावर आहेत."

"दाखव मग!" सून म्हणाली. पेन थांबलं होतं.

"मला नाही दाखवता येणार. मुकादमाला दाखवता येतं, पण त्याला बोट नाही." भाची स्वतःच्या चपलांकडे बघत बोलत होती. ओसरीकडे तिनं चुकूनही पाहिलं नाही. "इथे त्याच्यासारखं बघणारं दुसरं कुणी असेल, तर त्यानंच दाखवायला हवं. कुणी नसेल, तर गाडी जाऊ दे."

अंगणात पान हललं नाही. म्हणजे हललं असेल, पण सगळी सारखीच दिसत होती.

मामा स्टुलावर होते. चाळीस वर्षं. एक पाटी. गल्लीतला प्रत्येक माणूस आता कुंपणाशी उभा होता, आणि निम्म्यांच्या अंगावरचं कापड मामांनी रंगवलेलं होतं. गाडीवाल्यानं इंजिन सुरू केलं. गाडीच्या जाळीतून मुकादम बघत होता. झाडाकडे नाही. मामांकडे.

मामा उठले. लाल मोजा पुढे, हिरवा मागे, असे चालत झाडाखाली आले, मान वर केली, आणि एक क्षणही न शोधता बोट उचललं.

"ती काय. तिसरी फांदी, खोडापासून हातभर. तीन दिवस मी मान वर केलीच नाही," ते म्हणाले. "मला लाल नि हिरवं दिसत नाही, सूनबाई. दार मीच उघडलं होतं."

 मग मामांनी दोरीवरची एक लड ओढली आणि उंच धरली. 

"हा कोणता गं?"

पानं गप्प होती. बाळसुद्धा गप्प होतं.

"अहो, लाल," पानं म्हणाली. शेवटाला तोच किंचित वैताग.

फांदीचा एक तुकडा सुटला, हवेत पोपट झाला, आणि मामांच्या खांद्यावर येऊन त्यांचा कान चावू लागला. गाडीवाल्यानं आपणहून इंजिन बंद केलं. मुकादम उतरला, सगळ्यांसमोरून सावकाश चालत गेला आणि मामांच्या दोन्ही मोज्यांवर बसला.

सुनेनं कागद फाडला. मग ती बराच वेळ मामांकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात गाठी सुटत होत्या. पिंजऱ्यापुढे धरलेल्या लडी, 'दोन्ही सारख्याच तर आहेत', लाल दोरीचं दार.

"उद्यापासून लडींना नि रंगाच्या डब्यांच्या दोऱ्यांना गाठी मी मारीन," ती कुंपणापलीकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "लालला एक, हिरव्याला दोन. घराण्याची पद्धत आहे. कुणाला सूत दुसरीकडे न्यायचं असेल त्यांनी आत्ताच न्यावं, उगाच नंतर गर्दी नको."

कुणीही हललं नाही. क्लॅरनेटवाल्यानं आपला सदरा खाली ओढून नीट केला. तो मामांनी रंगवलेला होता आणि अकरा पावसाळ्यांत फिकटला नव्हता.

मग सून वाकली, मुकादमाला जरा बाजूला सरकवलं आणि सासऱ्यांच्या पायांकडे बघत हळूच म्हणाली,

"बाबा, उजवा लाल आहे. डावा हिरवा."

मामांनी पाय पुढे करून बघितले. एक, मग दुसरा. त्यांना दोन्ही अगदी जोडीचे दिसत होते.

"बदलू का?"

"आता बरं, की मघाशी बरं?" भाचीनं सवयीनं विचारलं.

मामांनी खांद्यावरच्या काकूंकडे पाहिलं, पायाशी बसलेल्या लाल तोंडाच्या मुकादमाकडे पाहिलं.

"आता," ते म्हणाले, आणि कढया पेटवायला आत गेले.